बांधलेलं बटण

६ नोव्हेंबर, गुरुवार

कामरानने परत चमचा फेकला! डाळ-भात भिंतीवर, माझ्या ओढणीवर, अम्मींच्या चष्म्यावर. मी फडकं घेतलं, पुसलं.

अम्मी म्हणाल्या, "डावे हात से खा रे बेटा, मजबूरी में अल्ला माफ करता." तर हा स्वतःच्या आईलाच म्हणे, "भूक नाही."

कामरानच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी राहिलीय. मधली तीन बोटं सप्टेंबरात चाकणला प्रेसमशीनखाली गेली. जखम भरली, टाके निघाले, डॉक्टर खूश! पण हा माणूस चमचा अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून त्याच हाताने जेवायचा हट्ट सोडत नाही. डावा हात ठणठणीत आहे. पण लहानपणापासूनची शिस्त — त्याला ताटाजवळ फिरकू देत नाही. मग रोज सांडणार आणि रोज चिडणार. माझं डोकं उठलंय नुसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात बसून लिहितेय. दुपारी इथे चिटपाखरू नसतं.

दुकान कसलं — निगडीच्या बस स्टँडमागे अर्धा गाळा, उरलेल्या अर्ध्यात झेरॉक्सवाला. जुने प्लेस्टेशन, जुने रिमोट, वापरलेल्या गेमच्या सीड्या. बाहेर पाटी: 'पाचशेच्या आत'. नाव कामरानचंच. म्हणायचा, "नवीन गेमची किंमत बघितलीस का? मग कंपनीतल्या पोरांनी खेळायचंच नाही का, राव?" बायकोला राव म्हणणारा माणूस! तो शिफ्टला गेला की मी गल्ल्यावर बसायचे. आता रोज मीच बसते आणि तो घरी बसतो.

टोपलीत क्रिकेटच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या सीड्या — निम्मे खेळाडू एव्हाना घरी बसलेले. फुटबॉलचं पण तेच. मारामारीचे, बंदुका घेऊन धावायचे. आणि कारच्या शर्यती. त्या सगळ्यात जास्त खपतात. सीडी घेताना ट्यूबलाइटखाली तिरपी धरायची, ओरखडे बघायचे. देताना गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवायची. लग्नाआधी मी रिमोट हातात धरला नव्हता, आता पहिला राउंड गप्पा मारत मारत मारते.

आज ताथवड्याच्या कॉलेजातला एक जण विचारत होता, "दीदी, यात भारीतली गाडी लवकर कशी मिळते?" अगदी ओठांवर आली होती — कामरानची युक्ती! वेगाच्या बटणावर रुपयाचं नाणं ठेवायचं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळायची आणि रिमोट खाली ठेवून द्यायचा. गाडी आपोआप गोल गोल पळते, भिंतीला घासत का होईना. हा निवांत जेवून यायचा, तोवर शर्यतीवर शर्यती होऊन नवी गाडी दारात उभी! मी हसायचे, "अरे, गेम तू खेळतोस की ती एकटीच खेळते?"

त्या मुलाला म्हटलं, "काही नाही, खेळत राहायचं." आणि त्याची सीडी पिशवीत घातली.

९ नोव्हेंबर, रविवार

कामरानचा दोस्त गणराज आजही आला नाही. येणार कुठल्या तोंडाने!

आधी दर रविवारी सकाळी दुकानात दोन रिमोट, दोन चहा आणि क्रिकेट. गणराज बीडचा. कामरानच्याच मशीनवर पहिल्या शिफ्टला, कामरान दुसऱ्या. तो उतरायचा, हा चढायचा. "एका मशीनच्या दोन सासवा," मी चिडवायचे दोघांना.

त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात मध्ये राहायचा प्रश्नच नाही. पण तसं करत बसलं तर टार्गेट होत नाही म्हणे. मग पोरं एक बटण बांधून टाकतात. एका हाताने माल सरकवायचा, दुसऱ्या हाताने उरलेलं बटण दाबायचं. त्या दिवशी उजवं बटण बांधलेलं होतं. कामरानचा जबाब आहे की तो शिफ्टला आला तेव्हाच ते बांधलेलं होतं — गणराज न सोडताच निघून गेला होता. याच्या लक्षात आलं नाही, डावं दाबलं आणि उजवा हात गेला. गणराजला तेव्हापासून कंपनीने घरी बसवलंय. तो म्हणतो, मी नाही बांधलं.

माझ्या हातचा शिरखुर्मा वाट्या वाट्या ओरपला याने. आणि आता कानावर हात! मनातून उतरला तो उतरलाच.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुपरवायझरचा फोन. शुक्रवारी २८ तारखेला चौकशी. कामरानने यायचं आणि जबाबात आहे तेच सांगायचं. मग गणराजला कायमचं काढतील, आणि कामरानला स्टोअरमध्ये बसून काम देतील.

अम्मींनी दोन्ही हात वर करून शुकर म्हटलं. मी पण. कामरान "हं" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. आनंद व्हायला नको का माणसाला!

१२ नोव्हेंबर, बुधवार

बबनराव आले होते. चिखली गावातले जुने. जन्मभर प्रेस चालवून रिटायर झालेत आणि आता नातवाच्या नावाखाली स्वतः क्रिकेट खेळतात! मागची सीडी परत आणली. "ह्यातला अंपायर लई आंधळा हाय." आता अंपायरला मी काय करू! दिली बदलून.

मग कामरानची चौकशी केली. मी सगळं सांगितलं, जाता जाता गणराजचा उद्धार पण करून घेतला. ते ऐकत राहिले. म्हणाले, "आमी बी बांधायचो की. समदेच बांधायचे, सायबाला ठावं असायचं. पन एक रीत व्हती, पोरी. आपलं आपन बांधायचं, आन् सुटीचा भोंगा झाला की आपल्या हातानं सोडायचं. बांधलेली मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई. ज्यानं दिली, त्याच्यासंगं कुनी डबा खाईत नव्हतं."

"मग गणराजने तेच केलंय ना!"

"केलं आसंल तर लई वंगाळ केलं. पन तू बघितलंस का?"

नाही बघितलं. मी कशाला बघायला जाऊ चाकणला? माझा नवरा सांगतोय ना! मला रागच आला. म्हातारा नवी सीडी पिशवीत घालून गेला, तीही परत आणेल बघा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिव्या आली. गणराजची बायको. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, तरी थांबली नाही.

"ताई, कामरानभाऊंची बोटं गेली तवा मी रडले. देवीला नारळ बोलले मी. आन् तुम्ही आमच्या माणसाला जितं गाडायलाय!"

मी म्हटलं, हळू बोल. ती कसली हळू बोलते!

"रस्त्यानं कंपनीतलं कोणी भेटलं तर मान फिरवतेत. म्हणतेत, ह्यानं बांधलेली मशीन दोस्ताच्या हातात दिली. यांनी जेवणखाण सोडलंय. सायबांनी फोटो दाखवला यांना, त्या बटणाचा. सायकलच्या ट्यूबची पट्टी, खाली रुपयाचं नाणं. आमच्या घरात सायकल तरी हाय का, सांगा ना!"

 ती डोळे पुसत पायऱ्या उतरून गेली. हातात कारची सीडी होती, ती पुसत राहिले. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "दीदी, बास. पुसून पुसून ओरखडे पाडाल."

१६ नोव्हेंबर, रविवार

कामरानची जुनी सायकल पॅसेजमध्येच आहे. मागच्या चाकात ट्यूब नाही.

त्याचा रिमोट टीव्हीखालच्या कप्प्यात सापडला. पट्टी तशीच आवळलेली. खाली रुपया.

या अल्लाह.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मनाला हजारदा समजावलं. ट्यूब काय, पंक्चरवाल्याकडे ढिगाने पडलेली असते. रुपया कुणाच्याही खिशात सापडेल. गणराजने यालाच बघून उचललं असेल! असं म्हणते, दोन भांडी घासते, आणि मग ते "हं" आठवतं. ते भिंतीकडे तोंड. दवाखान्यातून आल्यापासून गणराजला एक शिवी घातली नाही त्याने. शिव्या मी घालायचे, अम्मी घालायच्या. हा पाणी मागायचा, नाहीतर उठून जायचा. बोटं घालवणाऱ्याला माणूस शिव्या देणार नाही?

म्हणजे याने स्वतःच बांधलं.

आणि हे बाहेर आलं तर? स्टोअरचं काम गेलं. वर गल्लीभर तोंडं चालणार — स्वतःच्या हाताने बोटं घालवली आणि दोस्ताला अडकवलं! आधीच याचं जेवण तुटलंय. सहन होईल याला?

कात्री घेतली. पट्टी कापली, रुपया गल्लीच्या कोपऱ्यावर भीक मागणाऱ्या म्हातारीला दिला. पट्टीचे बारीक तुकडे केले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. रिमोट दुकानात नेऊन टोपलीत, सगळ्यात खाली. हात साबणाने धुतले, परत धुतले. रबराचा वास जातच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कारच्या सीड्या खपल्या. तो रिमोट कुणी उचलला नाही. मागच्या बाजूला पट्टीचा चिकट काळा डाग बसलाय, खोबरेल लावून पण निघाला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गणराज आला. एकटाच. दाढी वाढलेली, शर्ट अंगात लोंबत होता.

"वहिनी, कामरान कसा हाय?"

"बरा आहे."

"जेवतो का नीट?"

"जेवतो," मी म्हटलं. खोटं.

सवयीने टोपली चाळायला लागला. मी दुसरीकडे बघत राहिले, पण जीव सगळा टोपलीत. आणि नेमका तोच रिमोट हाताला लागला त्याच्या! उलटा केला. त्या डागावरून अंगठा फिरवला.

"पट्टी काढली का?"

मी गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. "हो."

"बरं," म्हणाला. ठेवला परत, अगदी होता तिथे.

मग मलाच राहवेना. "गणराजभाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"दर रविवारी संगं घेऊन यायचा, बघायचो की. एकदा तुमच्या घरी सोफ्यावर ठेवला होता ह्यानं, म्या बसलो त्याच्यावर. नाणं कुठं रुतलं सांगत नाही तुम्हाला." हसला पण! या परिस्थितीत हसला तो माणूस.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

त्याने टोपली जागेवर सरकवली. मग म्हणाला, "हात गेलेल्या माणसाचं नाव घेऊ का? म्या मशीन मोकळी करून, पुसून दिली होती, वहिनी. नोकरी जाईल, दुसरी बघीन. पण बांधलेली मशीन दिली, हे नाव घेऊन कुठल्या कंपनीत जाऊ? कोण बसंल जेवायला माझ्यासंगं? त्यानं स्वतःहून म्हणावं. दुसऱ्या कोणी सांगून काय करायचंय!"

चहा मागवते म्हटलं तर नको म्हणाला. तो पायऱ्या उतरला आणि मी गल्ल्यामागे खाली बसून रडले. झेरॉक्सवाला विचारत होता, "काय झालं भाभी?" काय सांगू — माझा नवरा खोटा निघाला आणि मी त्याच्याहून?

२३ नोव्हेंबर, रविवार

अम्मी फरहीनकडे पिंपरीला गेल्या होत्या, माझ्या नणंदेकडे. घरात आम्ही दोघंच. अम्मींसमोर मी कामरानला अहो-जाहो करते. आज अरे-तुरे काढलं.

"तुझ्या रिमोटची पट्टी कापली मी."

"कुठला रिमोट?"

"बास हां, कामरान."

पंख्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता आरडाओरडा करणार. तर एकदम खालच्या आवाजात सुरू झाला.

"दवाखान्यात साहेब आले. मी इंजेक्शनच्या गुंगीत. म्हणाले, आधीच बांधलेलं होतं ना, कामरान? मी हो म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. शुद्धीवर आलो तर सगळीकडे तेच झालेलं."

"मग तेव्हाच म्हणायचं नाही का, चुकलं म्हणून!"

"तू रडत होतीस. अम्मी रडत होती. सगळे म्हणत होते, बिचारा, बिचाऱ्याला मित्राने बुडवलं. त्यात मी काय सांगू — माझं मीच बांधलं होतं? गणराज नेहमीसारखी पुसून देऊन गेला होता मशीन. हँडल अजून ओलं होतं." मग माझ्याकडे वळला. "पण तू पट्टी का कापलीस?"

"तुझ्यासाठी!"

"मी सांगितलं होतं?"

माझा तोल गेला. "नव्हतं सांगितलं! आणि तू गणराजला गाडतोयस ते कुणासाठी रे? माझ्यासाठी? अम्मींसाठी? तो मूर्ख अजून विचारतो, कामरान जेवतो का!" शेजारीण खिडकीतून डोकावली. डोकावू दे!

कामरानने तो हात कुशीत घेतला. मी उठून भांडी घासायला घेतली. मला त्याची कीव येते आणि त्याच वेळी दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. आणि लाज वाटते. त्याची वाटते, माझी त्याहून जास्त.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बोलत नाही. मी पण नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सुपरवायझरचा परत फोन. "शुक्रवारी जबाबाप्रमाणेच बोलायचं हां. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

आणि हा काय म्हणतो? "हं."

परत तेच हं! मी कढई अशी आपटली की अम्मी दचकल्या. "क्या हुआ गे?" काही नाही, हात निसटला म्हटलं.

दुपारी तो रिमोट टोपलीतून काढला, पिशवीत घालून घरी आणला आणि टीव्हीवर ठेवला. त्याच्या डोळ्यांसमोर.  त्याने बघितलं, मान फिरवली. जाऊ दे. माझ्या हातात होतं ते मी केलं. खरं तर तेही नाही — पट्टी कुठून आणू आता?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कामरान डाव्या हाताने जेवला! अम्मींसमोर, मांडी घालून, चमच्याशिवाय. दोन चपात्या, वर भात. थोडं सांडलं, चिडला नाही. अम्मी पदराने डोळे पुसत होत्या.

मला रडू आलं नाही. भीती वाटतेय. उद्या शुक्रवार. उद्यासाठी ताकद गोळा करतोय हे दिसतंय, पण ती खरं बोलायला की खोटं रेटायला, ते याच्या तोंडावर वाचता येत नाही. विचारायची हिंमत नाही मला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उठले तर सायकल आडवी पाडलेली, पुढच्या चाकातली ट्यूब बाहेर. कामरान जमिनीवर बसला होता. रिमोट गुडघ्यांत धरलेला, बटणावर रुपया, आणि डाव्या हाताने, दातांनी ट्यूबची पट्टी आवळत होता. म्हटलं, हे काय? म्हणाला, "साहेबांच्या टेबलावर ठेवायचाय. गणराजसमोर." गाठ सारखी सुटत होती. दोनदा, तीनदा. शेवटी मान वर केली. "सादिका, इथे बोट ठेव."

ठेवलं.